वही एकट्याची, पण वाट पाहणारं कुणीतरी हवं

२७ फेब्रुवारी जवळ आला की माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा पाठवता पाठवता कुणीतरी खाली हळूच लिहितं, "मलाही लिहायचंय गं, सुरुवात कशी करू?" ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हे विचारणारे वाढलेत. माणसं हौसेनं नवी वही आणतात, पहिल्या पानावर तारीख घालतात. मग मार्चअखेरची धावपळ, मुलांच्या परीक्षा, आणि वही कपाटात जाते. अकराव्या-बाराव्या पानावर थांबलेल्या अशा कितीतरी वह्या मी हातात घेऊन पाहिल्यात. त्यातली दोन-चार पानं तर इतकी चांगली होती की पुढचं वाचायला मिळालं नाही याची हुरहुर अजून आहे.

थांबलेल्या माणसाला वाटतं, आपल्यात चिकाटी नाही, किंवा प्रतिभाच नाही. मला ते पटत नाही. वही थांबते, कारण तेराव्या पानाची कुणी वाट पाहत नसतं. लिहिण्याची सवय टिकायला माणसं लागतात. कोणत्या टप्प्यावर कोणतं माणूस लागतं, याचा मात्र आपण फारसा विचार करत नाही आणि चुकीच्या माणसाकडे चुकीच्या वेळी वही देऊन बसतो. गेली नऊ वर्षं आम्ही सहा-सात जण महिन्यातून दोन रविवारी दादरला लिहायला जमतो. तिथे जे दिसलं आणि या विषयावरच्या अभ्यासांतून जे उमगलं, ते सांगते.

शेजारी कुणी असलं की हात चालतो

चाळीच्या गच्चीवर पापड लाटलेल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. एकटीनं लाटायला बसलं की पंचवीस पापडांतच कंबर धरते. चौघी बसल्या की दोन किलोचं पीठ कधी संपलं ते कळत नाही. प्रत्येकीचं पोळपाट वेगळं, लाटणं वेगळं, कुणी कुणाला मदत करत नसतं. नुसती सोबत असते.

याचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांच्या लक्षात आलं की सायकलस्वार एकट्यानं घड्याळाशी झुंजतो त्यापेक्षा सोबतीला दुसरा स्वार असला की जास्त वेगानं जातो. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला दिली आणि एकट्यानं व जोडीनं लागणारा वेळ मोजला. हे त्यांनी १८९८ साली छापलं. त्याच वर्षी इकडे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो, कारण या शहरात अनोळखी माणसांशेजारी गप्प बसून वाचण्या-लिहिण्याची सोय अशाच संस्थांनी केली.

पुढे १९६५ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी यातली एक महत्त्वाची गाठ सोडवली. सोबतीनं प्रत्येक काम सुधारत नाही. अंगवळणी पडलेलं काम सुधारतं, नवं आणि अवघड काम उलट बिघडतं. पापड लाटताना शेजारी कुणी असेल तर उत्तमच, पण पहिल्यांदा उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या काढताना सासूबाई हाताकडे बघत उभ्या राहिल्या तर काय होतं, ते जिनं अनुभवलंय तिला विचारा. पारी फाटते.

लिहिण्यातही ही दोन्ही कामं असतात. मनातलं पहिल्यांदा कागदावर आणणं हे मोदकाच्या पाकळ्यांसारखं. म्हणून आमच्याकडे एकच नियम कडक आहे: एकत्र बसायचं, पण दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही. पंचेचाळीस मिनिटं, फोन पिशवीत, बोलणं बंद. काय लिहिलं हे कुणी विचारत नाही. सोबत हवी आणि नजर नको, या दोन्हींचा मेळ असा बसतो.

यावर कुणी म्हणेल, घरात माणसं आहेतच की. आहेत, पण ती आपल्याला हाक मारणारी माणसं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत पाच जण राहत असतील तर लिहिणारा कोपरा कुठून आणणार? म्हणून बाहेरची जागा शोधा. वाचनालय, वस्तीतली अभ्यासिका, देवळाचा ओटा, शिवाजी पार्कचा कट्टा. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांशेजारी बसून आमच्यातल्या एकीनं आईच्या आजारपणाच्या नोंदी लिहून काढल्या. त्या मुलांना आजही ठाऊक नाही की ती त्यांच्या जोरावर लिहीत होती.

साक्षीदार: ज्याला फक्त "झालं" एवढं सांगायचं

सोबतीनं त्या दिवशीचं पान होतं. रोजचं होण्यासाठी साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणजे तुमचं लिखाण न वाचणारा, पण तुम्ही लिहिलंत की नाही एवढं विचारणारा माणूस.

रॉबर्ट बॉइस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींचा अभ्यास करायचे. १९८९ साली त्यांनी एका लहानशा अभ्यासातून तीन गटांचं वर्षभराचं काम मांडलं. पहिला गट आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, मोठी सुट्टी मिळेल तेव्हा बैठक मारून लिहीत होता. त्यांची सरासरी १७ पानं भरली. दुसरा गट रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवत होता. त्यांची ६४ पानं झाली. तिसरा गट रोज लिहीत होता, नोंद ठेवत होता आणि त्या नोंदीचा हिशेब दुसऱ्या माणसाला देत होता. त्यांची १५७. माणसं मोजकीच आणि सगळी प्राध्यापकीतली, म्हणून हे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक फक्त एका माणसाचा होता, तो मला विसरता येत नाही.

साक्षीदाराला साहित्यातलं काही कळण्याची गरज नाही, हे इथे मुद्दाम सांगते. आमच्यात बसवर कंडक्टर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा साक्षीदार म्हणजे त्यांच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला. संध्याकाळी कपडे न्यायला आले की तो विचारतो, "काका, आज फेरी झाली का?" एक पान म्हणजे एक फेरी, असं त्यांनीच त्याला सांगून ठेवलंय. काका म्हणाले, "डेपोत साहेबाला खोटं सांगितलं असेल कधी, पण याला नाही सांगवत. तो इस्त्री खाली ठेवून विचारतो हो."

मराठी लिहिणाऱ्यांना तर ही व्यवस्था वारशानंच मिळालीय. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक मुंबईतून काढला आणि तिथून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. त्याआधी आणि त्यानंतरही लोक लिहीत होतेच. पण पावसाळ्यात संपादकाचा निरोप येतो, "कथा कधी देताय?" आणि त्या एका प्रश्नापोटी किती लेखन पुरं झालंय! तारीख ठरलेली आहे आणि पलीकडे कुणीतरी थांबलंय, हे माहीत असलं की हात थांबत नाही.

मग सगळ्यांनाच सांगून टाकावं का?

नको. इथे बरेच जण फसतात. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चांगला वकील होण्यासाठी मी अमुक मेहनत करणार, हा ज्यांचा निश्चय दुसऱ्या माणसानं वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी नंतरच्या सरावाला कमी वेळ दिला. नुसतं सांगितल्यानंच आपण ते झालो असं मनाला वाटून जातं.

"मी कादंबरी लिहितेय" असं स्टेटस ठेवलं की पन्नास अंगठे येतात आणि पोट भरतं. म्हणून "मी लेखिका होणार" हे कुणालाच सांगू नका. "आज अर्धं पान झालं" हे एकालाच सांगा. पहिल्यात शाबासकी आगाऊ मिळते, दुसऱ्यात काम झाल्यावर.

वाचक: ज्याला कळत नाही, तो

मजकूर पुरा झाला की वाचकाची वेळ येते. आपलं लिहिणं दुसऱ्याला का दाखवायचं, हे पटवायला एक प्रयोग घरीच करा. टेबलावर बोटांनी एखाद्या ओळखीच्या आरतीचा ठेका वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात चाल, शब्द, झांजा सगळं चालू असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी हेच करून पाहिलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, याची कल्पनाच करता येत नाही. याला अभ्यासक 'ज्ञानाचा शाप' म्हणतात.

काकांच्या पहिल्या लेखात एक वाक्य होतं. "दादरला गर्दी चढली, मी डबल दिली आणि म्हातारी पडली." त्यांनी ते आवाज खाली आणून वाचलं आणि थांबले. आम्हा तिघी-चौघींच्या घशात आवंढा आला. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "काका, सॉरी हं, पण तुम्ही त्या आजींना डबल तिकीट दिलं का?"

ती मेट्रोतून फिरणारी. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे निघ, छताला लागून गेलेली दोरी कंडक्टर दोनदा ओढतो आणि ड्रायव्हर गाडी सोडतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? काका गप्प झाले. त्यांची सगळी टोचणी त्या दोन शब्दांत होती. म्हातारीचा एक पाय अजून खाली होता आणि दोरी यांनी ओढली होती. तिला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण वीस वर्षं ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. आणि कागदावर ते आलंच नव्हतं. आम्हाला दोरी माहीत होती, म्हणून आम्ही ती आपल्या मनातून भरून घेतली. त्या मुलीला माहीत नव्हती, म्हणून त्या दिवशी खरं वाचन तिनं एकटीनं केलं.

तिनं काही दुरुस्ती सुचवली नाही, हेही बघा. वाचकाकडून मागायचं ते एवढंच: कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, काय कळलं नाही. "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला "छान आहे" हेच उत्तर मिळतं आणि विषय संपतो. घरच्यांकडून तर तेच मिळणार. त्यांचा दोष नाही, त्यांना आपल्याबरोबर रोज जेवायचं असतं. शिवाय लिखाणात जाऊ किंवा नणंद आली की वाचन बाजूलाच राहतं आणि वेगळाच विषय सुरू होतो. घरातल्या माणसांना साक्षीदार करा, वाचक बाहेरचा बघा.

बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा?

१९७३ साली समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवलं की नवी माहिती जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते. ज्यांना ओळखीनं नोकरी लागली होती, त्यांतल्या साधारण सहापैकी एकालाच ती वरचेवर भेटणाऱ्याकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. आपल्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं.

मुंबईत अशा सैल ओळखींचा तोटा नाही. डोंबिवलीहून फोर्टला जाताना मी वर्षानुवर्षं एकाच डब्यात चढले. चौथ्या सीटवर टेकणाऱ्या बाईचं आडनाव मला सहा वर्षं माहीत नव्हतं. तिची मुलगी कुठे शिकते, तिला कुठली भाजी चालत नाही, हे मात्र माहीत होतं. मी लिहिते हे तिला कळलं तेव्हा ती मटार सोलत होती. म्हणाली, "वाच की, ठाण्यापर्यंत वेळ आहे." मी फोनवरून वाचायला लागले. चौथ्या ओळीला तिचे हात थांबले. "थांब. ही आजी कोणाची? तुझी की नवऱ्याची?" मी ते पान पंधरा वेळा वाचलं होतं, मला कधी दिसलं नव्हतं. याच बाईच्या भावाचा छापखाना निघाला, आणि त्याच्याकडे येणाऱ्या एका संपादकापर्यंत पुढे आमच्या काकांचा लेख गेला. घट्ट मैत्रीतून हे झालं नसतं, कारण आमच्या सहा-सात जणांत छापखान्यातलं कुणीच नव्हतं.

"खरं लेखन एकांतातच होतं ना?"

हा आक्षेप मी मनापासून मानते. एकांत लागतोच. पण तुकोबा भंडारा डोंगरावर एकांतासाठी जात आणि खाली येऊन कीर्तनाला उभे राहत, तिथे टाळकरी असत, गाव असे. त्यांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरवून ठेवले, अशी परंपरा सांगते. दोन्ही जागा त्यांच्याच होत्या.

या शहरातही तेच घडलंय. १९५०च्या दशकाच्या मध्यात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. मोठी मासिकं विचारत नसताना एकमेकांसाठी ते संपादक आणि वाचक झाले. पुढे कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात दर गुरुवारी मित्रांबरोबर बसत. भिडस्त, अबोल म्हणून ओळखला जाणारा हा कवी, पण त्याचा गुरुवार ठरलेला होता.

"सगळ्यांचं लिहिणं एकसारखं होणार नाही का?"

होऊ शकतं, आणि ही खरी भीती आहे. आमच्याकडे एक वर्ष असं गेलं की प्रत्येकाच्या लेखाचा शेवट पावसात व्हायला लागला. एकीचा तसा शेवट सगळ्यांना आवडला होता, मग नकळत सगळेच तिकडे वळले. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. अर्धवट मजकूर वाचायचा नाही, पुरा झाल्यावरच. आणि दर चार महिन्यांनी एक नवा माणूस पाहुणा म्हणून बोलवायचा, शक्यतो न लिहिणारा. गेल्या खेपेला फार्मसीत काम करणारा एक मुलगा आला होता. त्यानं माझ्या लेखातल्या औषधाच्या वेळा चुकीच्या आहेत एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यावरून माझ्या लक्षात आलं की तो आजारी माणूस मी मनानं रचला होता, पाहिला नव्हता.

"कल्पना कुणी चोरली तर?"

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर तो लिहिल्यापासूनच तुमचा हक्क असतो, नोंदणी सक्तीची नाही. नुसत्या कल्पनेला मात्र हे संरक्षण नसतं. म्हणून कल्पना सांगत फिरण्यापेक्षा लिहिलेलं पान दाखवणं जास्त सुरक्षित, आणि त्या पानावर तारीख असू द्या.

"एआय आहे की, मग माणसं कशाला गोळा करायची?"

हा प्रश्न हल्ली प्रत्येक नवा माणूस विचारतो. शुद्धलेखन तपासायला, लांबलेली वाक्यं दाखवायला ते साधन उपयोगी आहे, मीही वापरते. पण काकांचं ते वाक्य आमच्यातल्या एकीनं त्याला दिलं, तर त्यानं ते बरोबर समजून घेतलं. डबल म्हणजे दोन घंट्या, हे त्यानं ओळखलं. अडचण तीच आहे. इतकं वाचून बसलेला वाचक आपल्या जागा भरून टाकतो, आणि आपल्याला हवी असते ती "डबल तिकीट दिलं का" असं विचारणारी मुलगी. शिवाय आठवडाभर काही लिहिलं नाही तर एआयला तोंड दाखवायची आपल्याला लाज वाटत नाही. इस्त्रीवाल्याला तोंड दाखवायची वाटते.

बुजऱ्या माणसानं काय करावं?

वाचून दाखवण्याची सक्ती कुणावरच नसावी. आमच्यातली एक जण पहिले चौदा महिने नुसती येऊन लिहायची आणि डबा खाऊन जायची. आम्ही विचारलं नाही. पंधराव्या महिन्यात तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला, "तूच वाच, मी खिडकीत उभी राहते." तुमच्याकडे येणारं नवं माणूस असं असेल तर त्याला तेवढा वेळ द्या. आणि तुम्हीच तसे असाल तर सुरुवात साक्षीदारापासून करा, वाचक वर्षानं आला तरी चालेल.

पहिला निरोप कसा पाठवायचा, हे खूप जण विचारतात, तर मी पाठवला होता तो इथे देते: "ताई, मी रोज रात्री साडेनऊला वीस मिनिटं लिहिणार आहे. वाचायला काही पाठवणार नाही. फक्त 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढं कळवीन. एक महिना चालेल का?" ताईंनी अंगठा दाखवला. त्या महिन्यात सात वेळा मी 'नाही झालं' लिहिलं. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही, मात्र आठव्या दिवशी दहापर्यंत माझा निरोप गेला नाही तेव्हा त्यांचा आला, "आज?"

काकांनी ते वाक्य पुन्हा लिहायला दोन रविवार घेतले. आता त्या जागी दीड पान आहे. दोरी हाताला कशी लागायची, घामानं ती कशी काळी पडलेली असायची, गर्दीत मान वळवून मागचं दार दिसत नसताना नुसत्या अंदाजानं ती कशी ओढावी लागायची, आणि त्या दिवशी पहिल्या घंटीनंतर दुसरी वाजण्याआधी एक क्षण होता, तो. वाचून झाल्यावर त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. त्या मुलीला विचारलं, "आता कळलं का गं?"